दारापुढचं डांबर

टेम्पो रुतला तो नेमका तिच्या दारापुढं. वर्षाराणीला आधी लाज वाटली, भीती मागनं आली.

साडेदहा वाजले होते. खिंडीचा चढ म्हणजे दोन्ही अंगांना काळा कातळ आणि मधनं रस्ता. एप्रिलचं ऊन त्यात सकाळी आठला शिरायचं, ते दिवस कलेपर्यंत बाहेर पडायचं नाव घ्यायचं नाही. फेब्रुवारीत झालेला नवा रस्ता, पण ह्या दोनशे पावलांत त्याला तेल सुटलं होतं, गावरान कोंबड्याच्या रश्श्याला सुटतं तसं. आधी पुढचं चाक जड झालं. मग मडगार्डात खडी अडकून करकर वाजायला लागली. मग चाक फिरायचंच थांबलं आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. मागं हौद्यात बारा कॅन दूध होतं, पाच वाड्यांचं, सकाळी सहापासून घरोघरी पिळलेलं.

ती खाली उतरली. उजवा पाय उचलला तर पाय वर आला, चप्पल खालीच राहिली.

"आत्तीऽऽ! पाचट आणा, पाचट!"

धोंडुबाई, तिची सासू, पदर खोचतच बाहेर आली. पासष्टीची बाई, पण सुनेची हाक कुठल्या सुरात आली त्यावरनं धावायचं की चालायचं हे तिला कळायचं.

"आजबी?"

"आजबी."

"ह्या रस्त्याचं मडं बशिवलं," म्हणत ती गोठ्यात शिरली आणि उसाच्या पाचटाची कवळ छातीशी धरून आली. दोघींनी चाकाखाली पाचट कोंबलं. चाकानं ते गिळलं. आणखी कोंबलं, तेही गिळलं. आता चाक चाकासारखं दिसतच नव्हतं, केसाळ काहीतरी दिसत होतं.

"मागं घे आधी! मागं!" सोप्यातल्या बाजेवरनं अमरसिंह ओरडला. सहा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरनं पडून त्याची कंबर गेली. तेव्हापासून टेम्पो बायको चालवते आणि तो बाजेवरनं चालवतो. तिला गाडी शिकवली ती त्यानंच, मळ्यात बाज नेऊन, बांधावर पडून. "हळू सोड क्लच, म्हैस न्हवं ती, शिंगं मारत न्हाय," असं ओरडत. बाईमाणसाच्या हातात दुधाची फेरी द्यायची का, म्हणून गावच्या दूध संस्थेत तेव्हा दोन बैठका झाल्या होत्या. सहा वर्षांत तिचं दूध एकदाही फाटून मागं आलं नव्हतं. ह्या आठवड्यापर्यंत.

टेम्पो निघाला, पण पाऊण तास गेला. वर हमरस्त्याला लागल्यावरही चाकाला चिकटलेली खडी मडगार्ड खरवडत राहिली. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर पोचायला पावणेबारा झाले. तिथल्या तपासनिसानं काचेच्या नळीत दूध घेतलं, उकळत्या पाण्यात धरलं आणि तिच्या तोंडासमोर आणून दाखवलं. नळीच्या कडेला पांढरे कण धरले होते.

"फाटलं, ताई."

"दुसरा कॅन बघा की."

त्यानं बाराही बघितले. सात फाटले. आठ दिवसांतली दुसरी खेप. ते सात कॅन मागं घेऊन येताना तिला वळणावळणावर दूध हिंदकळलेलं ऐकू येत होतं. चांगलं दूध हिंदकळतं तेव्हा तिला आवाज यायचा नाही, किंवा येत असेल आणि तिनं कधी ऐकला नसेल.

दुपारभर ती अंगणात टायरापुढं बसून होती. डांबर निघत नव्हतं. खुरप्यानं खरवडलं, डिझेलाच्या चिंधीनं पुसलं. चिंधी काळी झाली, हात काळे झाले, टायर तसंच. मडगार्डाचा पत्रा आत वाकला होता, ब्रेकच्या ड्रमात खडी शिरली होती. एका टायराची कड डिझेलानं भुसभुशीत झाल्यागत दिसायला लागली, तशी तिनं चिंधी टाकून दिली.

"त्या कोंबड्याच्या जागी दोन अंडी दिली असती तर भागलं असतं," धोंडुबाई उंबऱ्यात बसून म्हणाली.

"तुम्हीच म्हणाला, तुरेवालं काप."

"मी तुरेवालं म्हणालो. हात सैल सोडा असं मी न्हाय म्हणालो."

ते खरंच होतं. ते वर्षाराणी म्हणाली होती.

ह्या भागात रस्ता व्हायला लागला की ज्याच्या दारापुढं काम येईल त्यानं कामगारांना जेवू घालायचं, ही जुनी रीत. ठेकेदार डांबर चोरतोच, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मग ज्याच्या हातात डांबराचा पाइप असतो त्याचं पोट आपण राखायचं, म्हणजे आपल्या दारात तो दोन थेंब जास्त सोडतो. कुणी चहा-भजी देतं, कुणी झुणका-भाकरी. वर्षाराणीनं कोंबडा कापला. कारण दर पावसाळ्यात ह्याच चढावर खड्ड्यात टेम्पो कलंडायला यायचा. दोन वर्षांमागं तीन कॅन गटारात ओतले होते. पाइपवाला केरबा मुकादम रश्श्याचा तिसरा वाडगा पीत होता तेव्हा ती म्हणाली, "आण्णा, दूध जातंय ह्या चढावरनं. जरा हात सैल सोडा."

केरबानं ढेकर दिला आणि हात सैल सोडला. एकदा नाही, दोनदा. जाताना म्हणाला, "वैनी, धा वर्सं ह्या रस्त्याला बघायचं न्हाय."

दोन महिने खरंच कुणी बघितलं नाही. रस्ता काळाभोर, घट्ट, आरशासारखा. वाडीतल्या बायांनी नारळ आणला आणि तो वर्षाराणीच्याच हातनं फोडून घेतला. मग ऊन तापलं, वरची बारीक खडी चाकांनी उडाली, आणि खालचं जास्तीचं डांबर वर यायला लागलं.

पहिला उपाय तिनं सोपा शोधला. उन्हाच्या आधीच चढ ओलांडायचा. त्यासाठी दूध तासभर आधी हवं. संध्याकाळी ती वाडीवाडीनं हात जोडत फिरली. "उद्यापास्नं पाचला धारा काढा की."

बयाबाई नावाची चार म्हशींची म्हातारी होती, तिनं तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "मला सांगितलंस, आता म्हशीला सांग."

"दोन दिवस तरी बघा की, मावशी."

"अगं, तिला अंबोण घालायच्या आधी कासंला हात लावला तर ती पान्हा सोडत न्हाय. मला उठवशील गं. तिला कोण उठवणार?"

तरी बयाबाईनं बघितलं. दुसऱ्या दिवशी पाचला बसली आणि चारपैकी दोन म्हशींनी लाथ मारून बादली पालथी केली. वाडीत त्याचं हसू झालं. त्यातलं निम्मं वर्षाराणीच्या वाट्याला आलं.

त्याच संध्याकाळी संस्थेच्या दारात जोतीरामनं तिला थांबवून घेतलं. जोतीराम संस्थेचा सचिव, सगळ्यांशी नीट बोलणारा, त्यामुळं त्याचं बोलणं ऐकताना जास्त भीती वाटायची. दूध घालायला आलेली दहा-पंधरा माणसं किटल्या घेऊन उभी होती.

"संघाचा फोन आलता, वर्षाराणी. आणि एकदा दूध फाटून आलं तर फेरी बदला म्हणत्यात. उदयसिंह तयार हाय."

उदयसिंह दाराच्या खांबाला टेकून उभा होता. त्याची नवी चारचाकी पिकप होती, भाज्या न्यायची. तिच्या काचेवर अजून दुकानातला प्लास्टिकचा कागद तसाच होता.

"फेरी काय बदलताय? रस्ता बदला म्हणा की," ती म्हणाली.

"त्याचंबी इचारलं म्या. ठेकेदाराचा माणूस म्हणतोय, चार किलोमीटर रस्ता ठणठणीत हाय. वितळतोय ती निस्ती दोनशे पावलं. तिथं डांबर मापाच्या दुप्पट पडलंय. कुणी पाडून घेतलं ते गावात इचारा म्हणतोय, मग आमच्याकडं या."

सगळ्यांनी आपापल्या किटलीत बघितलं.

"त्या दिवशी वास पार खालच्या वाडीपातूर आलता बघा," उदयसिंह खांबाला सांगावं तसं म्हणाला. मग हसू फुटलं. मोठं नाही, दाबलेलं, नाकातनं येणारं. ते जास्त लागलं.

"मीच घातलं जेवाण," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मीच म्हणालो हात सैल सोडा म्हणून. काय करायचं ते करा."

"आणि नारळ हिच्या हातनं फोडून घेतला तो कुणी?" मागनं बयाबाईचा आवाज आला. "खोबरं तर समद्यांनी खाल्लंय की. तुझ्या तोंडात तर दोन तुकडे हुतं, उदया."

हसू तिथंच थांबलं. जोतीरामनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ते खरं हाय, मावशी. पर दूध ऐकतंय का?"

घरी येऊन तिनं केरबाला फोन लावला. तो आता गगनबावड्याकडं कुठल्याशा कामावर होता.

"वैनी! तुमच्या रश्श्याची चव अजून जिभंवर हाय बघा."

"आण्णा, डांबर वितळतंय."

पलीकडं यंत्राची घरघर लांब गेली, केरबा बाजूला आला असावा.

"सायबास्नी माझं नाव सांगू नका, वैनी. लेकरंबाळं हाईत."

"न्हाय सांगत. उपाय सांगा."

उपाय होता. बारीक खडीचा चुरा, कच म्हणतात ती, पातळ पसरायची. तीही भर उन्हात, डांबर पातळ असताना. गार झालं की ते काही धरत नाही. कच नसेल तर चाळलेला मुरूम चालेल. "पर माती नको बगा. माती डांबरात कालवली की पीठ मळल्यागत व्हतंय."

कच ठेकेदाराच्या डंपरात होती आणि डंपर गगनबावड्यात. घरामागच्या उतारावर मुरूम होता. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी तिनं जीव मुठीत धरून केली. आभाळ झाकोळून आलं होतं, रस्ता तापला नाही, दूध पोचलं. परत आली तेव्हा बारा वाजले होते आणि ढग पांगले होते. तिनं भाकरीही खाल्ली नाही. कुदळ घेतली.

ती मुरूम खणायची. अमरसिंहनं बाज दारापर्यंत ओढायला लावली आणि धान्याची चाळण मागितली. एका कुशीवर होऊन, कोपरावर भार टाकून तो मुरूम चाळायला लागला. प्रत्येक हिसक्याला त्याच्या तोंडावर कळ उमटायची आणि तो ती गिळून शिवी चाळणीला द्यायचा. धोंडुबाई पाटी भरायची, वर्षाराणी पाटी डोक्यावर घेऊन चढावर न्यायची आणि शेतात खत फेकावं तशी मुठीमुठीनं मुरूम फेकायची. पावलं भाजायला लागली तेव्हा दोघींनी पायांना पोत्याचे तुकडे सुंभानं बांधले. पोतं डांबराला चिकटायचं, ओढलं की सुंभ घोट्यात रुतायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक पाय सुटला आणि उघडा तळवा काळ्यात बसला. तिनं ओरडायला तोंड उघडलं, पण समोरनं मोटरसायकलवरनं कुणीतरी येत होतं, म्हणून मिटलं.

तो माणूस कडेच्या गवतातनं मोटरसायकल ढकलत गेला. "रस्ता तुमच्याकडंच दिलाय वाटतं," म्हणाला. थांबला मात्र नाही.

पण मुरूम धरत होता. खालच्या अंगाला डांबराची चकाकी मरून तांबूस, खरबरीत पाठ दिसायला लागली. धोंडुबाईनं तिच्यावर पाय घासून बघितला. "धरलं गं बया," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. घामानं आणि धुळीनं सासूच्या तोंडावर वघळ आले होते. वर्षाराणीला वाटलं, आपलंही तसंच असणार, आणि त्याचं बरं वाटलं.

चार वाजता मुरूम संपला. म्हणजे मोकळा तेवढा संपला, आता कुदळ कातळावर खणखणायला लागली होती. चढाची वरची चाळीस-पन्नास पावलं तशीच चकाकत होती. धोंडुबाई पाटी घेऊन उठली आणि खाली बसली. परत उठली नाही.

"उद्या करू," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्या दूध हाय, आत्ती."

"मग परवा."

"परवा फेरी असंल का आपली?"

बाजेवर अमरसिंह डोळे मिटून पडला होता. चाळण पोटावर, हाताची बोटं तशीच वाकलेली, तिच्या कडेला धरल्यासारखी. वर्षाराणीनं त्याच्या पोटावरनं चाळण उचलली, बाजूला ठेवली. मग ती मळ्याच्या बांधाकडं गेली. बांधाची माती मऊ होती, कुदळ न मारता हातानं पाटीत येत होती. माती नको असं केरबा म्हणाला होता. तिला ते ऐकू आलं, अगदी स्पष्ट. पण ऊन उतरायला लागलं होतं, डांबर घट्ट व्हायच्या आत काहीतरी वर पडायला हवं होतं, आणि काहीच नसण्यापेक्षा माती बरी, असं हात म्हणत होते. दहा पाट्या तिनं एकटीनं नेल्या. दिसायला वरचा भागही खालच्यासारखाच तांबूस झाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. शेवटच्या वाडीचं दूध घेऊन ती खिंडीच्या पायथ्याला आली तेव्हा दहा वाजून वीस झाले होते. वर, हमरस्त्याच्या तोंडाला, उदयसिंहची पिकप उभी दिसली. शेजारी मोटरसायकलवर जोतीराम. तिनं दुसरा गिअर टाकला. चाकाखाली मुरूम चुरचुरला, सुकं, कोरडं, ऐकत राहावं असं. दार आलं. दारात धोंडुबाई उभी होती, बाजेवर अमरसिंह कोपरावर उठला होता. कुणीच ओरडलं नाही. दार मागं गेलं. शंभर पावलं, सव्वाशे, दीडशे. आता वरची दोन माणसं तोंडानिशी दिसत होती.

मग चुरचूर थांबली. चाकाखालचा आवाजच गेला. पुढचं चाक एकदा डावीकडं गेलं, एकदा उजवीकडं, मळलेल्या पिठात बोट फिरावं तसं, आणि बसलं. काळ्या-तांबड्या लगद्यात निम्मं बसलं.

तिनं पाच मिनिटं इंजिन पळवलं. मग किल्ली फिरवून बंद केलं.

"खाली आण की गाडी," जोतीराम उदयसिंहला म्हणालेलं तिला ऐकू आलं.

"नवी टायरं हाईत, आण्णा," उदयसिंह म्हणाला.

जोतीराम कडेच्या गवतातनं उतरून तिच्यापाशी आला. घड्याळात बघितलं आणि बघितल्याचं लपवलं. "काय करूया, वर्षाराणी? तुझं तू ठरीव. अर्ध्या तासात निघाली गाडी तर निघाली. न्हाय निघाली तर पाच वाड्यांचं दूध गेलं. आणि त्याच्या गाडीतनं पाठवायचं म्हणशील तर..." तो घुटमळला. "पावती त्याच्या नावानं व्हणार. मग उद्याबी तोच. मी संघाला फोन करून ठेवलाय, खोटं कशाला सांगू?"

"ठेकेदार कच कवा टाकतोय?"

"सोमवारी येतो म्हणलाय."

सोमवारला चार दिवस होते. चार दिवसांनी रस्ता चांगला होणार होता आणि त्यावरनं उदयसिंहची पिकप जाणार होती.

तिनं हौद्यात हात घालून एका कॅनला तळवा लावला. कॅन अंगाएवढा गरम होता. निघेलही अर्ध्या तासात. पाचट आहे, कुदळ आहे, आत्ती आहेत. मागच्या दोन्ही वेळी तिला असंच वाटलं होतं. तळवा तिनं तसाच ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मग काढून घेतला.

हौद्याचा फाळका खाली सोडला.

"आत्ती, धरा एका अंगानं."

दारातनं धापा टाकत वर आलेल्या धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं. "अगं, गाडी काढूया की. मी आणतो पाचट."

"धरा म्हणतोय न्हवं."

भरलेला कॅन दोन बायांनी एकेका कानाला धरून तापल्या कडेनं, दगडागवतातनं वर न्यायचा, ठेवायचा, खाली यायचं. तिसऱ्या कॅनला जोतीरामनं हात लावला. पाचव्याला उदयसिंह प्लास्टिकच्या कागदाच्या काचेमागनं खाली उतरला, गवतात उभा राहिला आणि तिथनं पुढं कॅन घ्यायला लागला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर डांबर लागलं. तिला त्यात आनंद घेता आला नाही.

बाराही वर गेले. उदयसिंहनं फाळका लावला, आणि मग तो कॅनांकडं बघत राहिला.

"वैनी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खांबाशी बोलणारा माणूस नव्हता, "ह्यातला कुठला कुठल्या वाडीचा?"

कॅनांवर नावं नव्हती. सहा वर्षांत तिला कधी लागलीच नव्हती. न सांगता घरी गेलं तर उद्या कॅनांची सरमिसळ होईल, दूध कुणाचं अन् झाकण कुणाचं, दोन दिवसांत पाच वाड्या त्याच्या नावानं ओरडतील. तिच्या डोक्यात हे सगळं आलं. जोतीरामच्याही आलं असावं, तो दुसरीकडं बघायला लागला.

ती पिकपच्या मागं चढली.

"गळ्याला चेपलेले तीन, ते वरच्या आळीचे. कानाला तार बांधलेले दोन बयाबाईच्या वाडीचे. त्यातल्या ह्याचं झाकण अर्धं फिरवून मग दाबायचं, न्हायतर वळणावर सांडतंय. हे चार खालच्या वाडीचे, आतनं घासून बघायचे, ती माणसं धुवायचा कंटाळा करत्यात. हे दोन मळ्यातले." बोटानं ती एकेका कॅनला शिवत गेली. शेवटच्या कॅनाशी थांबली. "हा एकटा शेवटच्या वाडीचा. तिथं एक म्हातारी हाय, दोनच लिटर घालती. तिच्या दारात हॉर्न वाजवून उपेग न्हाय, तिला ऐकू येत न्हाय. उतरून जायचं. आत जाऊन खांद्याला हात लावायचा."

"व्हय," उदयसिंह म्हणाला.

"मागनं लावू नको. दचकती. पुढनं जायचं."

"व्हय, वैनी."

ती उतरली. पिकप सुरू झाली, हमरस्त्याला वळली. "सावकाश, दूध हाय!" असं ती ओरडली तेव्हा गाडी बरीच लांब गेली होती. खाली चढावर टेम्पो रिकाम्या हौद्यानं उभा होता, आणि त्याच्यामागं अडकलेला एक ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हात दाबून धरून बसला होता.